जपानची गिटार

शीतलने एका हातात मोबाईलचा टॉर्च धरून दुसऱ्या हाताने गिटारचं डोकं वर उचललं, आणि शिवदासांनी ते लगेच खाली ओढलं.

“पप्पा, हलवू नका ना.”

“मी कुठे हलवतोय? तूच ओढतेयस. तार तुटेल.”

“तारा पुढे आहेत. मी मागचं बघतेय.”

लाल रंगाची ती इलेक्ट्रिक गिटार शिवदासांच्या मांडीवर आडवी पडली होती. डोक्याच्या मागे, खुंट्यांच्या खाली, एक नंबर छापलेला होता. वर्षानुवर्षांच्या पुसण्याने तो इतका उडाला होता की पहिलं अक्षर के आहे, आर आहे की एक्स, हे चार फोटो काढूनही शीतलला कळेना. कोहामा कंपनीच्या गिटारी कुठे कुठे बनल्या ते नंबरावरून सांगणारं एक पान तिने नेटवर शोधून काढलं होतं. पण त्या पानाला पहिलं अक्षर हवंच होतं. आर टाकलं की असा नंबरच नाही असं उत्तर यायचं. एक्स टाकलं की पान नुसतं गोल फिरत राहायचं. के टाकून बघावं तर शिवदास नेमके पाणी मागायचे.

“जपान लिही आणि मोकळी हो,” ते म्हणाले. “शंभर वेळा सांगितलं.”

“आणि मी शंभर वेळा सांगितलं, प्रबुद्धला तोंडी चालत नाही. नंबरावरून हवंय.”

प्रबुद्ध कॉलेजात इतिहास शिकवायचा. कुर्ल्याच्या एका सभागृहात तो जुन्या गायन पार्ट्यांच्या वाद्यांचं प्रदर्शन भरवत होता. शिवदासांनी पालिकेच्या पाणी खात्यातली नोकरी सांभाळून तीस वर्षं अशाच एका पार्टीत गिटार वाजवली होती. एप्रिल उजाडला की जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायचे. आज विक्रोळी, उद्या नाशिक, परवा थेट नांदेड. पार्टीच्या पोस्टरवर गायकाच्या नावाखाली ठळक अक्षरांत ‘इलेक्ट्रिक गिटार : शिवदास’ असं असायचं आणि ते पोस्टर शीतलच्या आईने, शकुबाईंनी, अजून कपाटात घडी घालून ठेवलं होतं. प्रदर्शनात प्रत्येक वाद्यासमोर एक कार्ड लागणार होतं. वाद्य कुणाचं, कंपनी कोणती, कुठे बनलं, कुठल्या साली. गेल्या वर्षी एका हार्मोनियमच्या कार्डावर चुकीचं गाव छापलं गेलं आणि उद्‌घाटनाच्या दिवशीच एका गृहस्थांनी प्रबुद्धला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तेव्हापासून त्याने हाय खाल्ली होती. सकाळपासून त्याचे तीन मेसेज येऊन गेले होते. सोमवारी कार्डं छापायला जाणार.

“राहू दे ना गं,” शकुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “नंबर दिसत नाही म्हणून सांग त्याला. कशाला त्या नंबराच्या मागे लागलीस?”

“आई, तू पण?”

आत काहीतरी जोरात ओट्यावर आपटलं. शीतलने टॉर्च बंद केला. आठवडाभर ती मुलुंडच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवरचे नंबर तपासायची. तिथे एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर जायची. नंबर आहे, पण बघायचा नाही, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यात हा तिचा सुट्टीचा शनिवार होता.

“मरोळला एक जण आहे, अंबादास म्हणून,” ती म्हणाली. “गिटारी दुरुस्त करतो. फोन केलाय मी. तो बघून लगेच सांगेल. मी घेऊन जाते आणि दोन तासांत आणून देते.”

“गिटार एकटी कुठे जाणार नाही.”

“मी आहे ना सोबत.”

“माझ्याशिवाय जाणार नाही,” शिवदास म्हणाले आणि शर्ट बदलायला उठले.

घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवर सुरक्षारक्षकाने बॅग यंत्रातून घालायला सांगितली. शिवदासांनी ठाम नकार दिला. मग त्याने बॅग उघडायला लावली, गिटार बघितली, ॲम्प्लिफायर कुठे आहे ते विचारलं, नाही म्हटल्यावर का नाही ते विचारलं. मागे रांग वाढत गेली. एक बाई म्हणाली, “अंकल, जल्दी करो ना.” शीतलने हात जोडून सगळ्यांची माफी मागितली आणि वडिलांना दंडाला धरून पुढे नेलं.

गाडी असल्फाला थांबली तेव्हा शिवदास म्हणाले, “परत जाऊ या. मला चक्कर येतेय.”

शीतलने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “खरंच येतेय?”

“थोडी येतेय.”

“साकीनाक्याला उतरून डॉक्टरकडे जायचं?”

शिवदास खिडकीबाहेर बघत बसले. साकीनाका आलं आणि गेलं. “गेली आता,” ते म्हणाले.

अंबादासचं दुकान मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती. शीतल बॅग मागत राहिली आणि शिवदास ती न देता एकेक पायरी चढत राहिले. भिंतींवर पंधरा-वीस गिटारी टांगलेल्या होत्या, काहींना डोकं नव्हतं, काहींना पोट. अंबादास पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस होता. त्याने गिटार टेबलावर टॉवेलवर उलटी ठेवली, नंबरावर पेन्सिलीची भुकटी पसरली, बोटाने हलकेच घासली आणि दिवा तिरपा केला.

“के आहे,” तो म्हणाला. “के, आठ, सात. पुढचे चार आकडे काही कामाचे नाहीत.”

“म्हणजे?” शीतलने विचारलं.

“के म्हणजे कोरिया. आठ-सात म्हणजे सत्त्याऐंशी साल.”

“चूक,” शिवदास म्हणाले.

“काय चूक?”

“जपानची आहे ती.”

अंबादासने चष्मा कपाळावर सरकवला. असे लोक त्याच्याकडे रोज येत असावेत. “काका, कंपनी जपानचीच. पण ऐंशीनंतर त्यांनी कोरियात कारखाना काढला. यात वाईट काही नाही. चांगला पीस आहे, तुम्ही ठेवलीय पण छान.”

“मी एक्याऐंशीत घेतली. गोदीवर, खलाशाकडून. शीतल दीड वर्षाची होती.”

“एक्याऐंशीत कशी घ्याल? बनलीच नव्हती.”

“नंबर पुसट झालाय. तुम्ही चुकीचा वाचताय.”

“ठीक आहे,” अंबादास म्हणाला. त्याच्या आवाजात आता धार आली होती. त्याने तारा सैल केल्या, मागचे चार स्क्रू काढले आणि गिटारची नेक, म्हणजे लांब दांडी, अंगापासून अलगद सोडवली. जोडाच्या आत, जिथे इतक्या वर्षांत कुणाचा हात पोचला नव्हता, तिथे निळ्या शाईचा शिक्का स्पष्ट होता. त्याने दिवा जवळ आणला. “वाचा तुम्हीच.”

शीतल वाकली. महिना, साल, आणि इंग्रजीत कोरिया. सत्त्याऐंशीच. शिवदास वाकले नाहीत.

“एक्याऐंशीत तुम्ही गिटार घेतली असेल काका,” अंबादास म्हणाला, “पण मग ती ही नाही.”

शिवदासांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि म्हणाले, “स्क्रू लावा.”

खाली चहाच्या टपरीशी शीतलने दोन चहा सांगितले. मग एकदमच बोलली.

“पप्पा, तुम्हाला साल आठवत नाहीये. होतं असं वयात. पण कबूल करा ना! त्या माणसाशी भांडत काय बसलात? नेक काढून दाखवली त्याने, तरी आपलं तेच. जपान, जपान. उद्या प्रबुद्धला पण हेच सांगणार?”

“जपानच सांगायचं.”

“का पण?”

शिवदासांनी बॅग दोन पायांच्या मध्ये उभी केली आणि तिच्यावर हनुवटी टेकल्यासारखं करून उभे राहिले. चहावाल्याने दोन ग्लास पुढे केले. त्यांनी एक घेतला, पण प्यायले नाहीत.

“मला माहितीये ही ती नाही,” ते म्हणाले.

शीतलने ओठांशी नेलेला ग्लास खाली घेतला.

“मला कावीळ झाली होती ना. एकोणनव्वदला. तुला कल्याणला मावशीकडे ठेवलं होतं. तीन आठवडे मी हॉस्पिटलात. जयंती गेली तशीच. घरी आलो तर ही खाटेवर ठेवलेली. पुसून, नव्या तारा लावून. तुझी आई मोरीच्या दाराशी उभी. मी हातात घेतली आणि कळलं. नेक जाड होती. माझी पातळ होती. तोच लाल रंग, तीच कंपनी, पण हाताला कळतंच ना.”

“मग?”

“मग काय. तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत होती. असं बघत होती की...” त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. “मी म्हटलं, अरे वा, तारा छान लागल्यात. आणि वाजवली.”

“पहिलीचं काय झालं?”

“मला काय माहीत?”

“विचारलं नाहीत?”

“नाही.”

“पस्तीस वर्षं?”

“आता काय मोजत बसतेस? तिला वाटतं मला माहीत नाही. तसंच राहू दे. उगाच या वयात तिला...” त्यांनी चहा एका दमात संपवला. “कार्डावर कोरिया आलं की ती वाचणार. चार बायका सोबत असणार. म्हणून म्हणत होतो, जपान लिही आणि मोकळी हो. तुला ऐकायचंच नसतं.”

शीतलला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा हे ठरत नव्हतं. तिने प्रबुद्धचा नवा मेसेज न वाचताच फोन पर्समध्ये टाकला. परत येताना मेट्रोत तिने बॅग मागितली आणि या वेळी त्यांनी दिली.

पंतनगरच्या घराचं दार उघडंच होतं. शकुबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या कुणास ठाऊक, पण गॅसवर काही नव्हतं आणि टीव्हीही बंद होता.

“काय निघालं?”

“जपान,” शीतल म्हणाली.

“नंबर वाचता आला त्याला?”

“आला.”

“नीट वाचला? अक्षर-बिक्षर सगळं?”

“हो आई. सगळं.”

“मी सांगतच होतो,” शिवदास चप्पल काढता काढता म्हणाले. “उगाच दिवस घालवला हिने.”

शकुबाईंनी शीतलकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. शिवदास चपला भिंतीशी लावत होते, मग पुन्हा सरळ करत होते, आणि वर बघायचं टाळत होते. शकुबाई हळूच खाटेच्या कडेला बसल्या.

“तुम्हाला माहितीये,” त्या म्हणाल्या.

“काय माहितीये?”

“नंबर वाचला म्हणता आणि जपान निघालं म्हणता. तुमच्या पार्टीतल्या कुंडलिकने मला तेव्हाच सांगितलं होतं, वहिनी, मागे नंबर आहे, जाणकाराने वाचला तर कोरिया निघेल. पण शिवदासला तसलं काही वाचता येत नाही, तू काळजी करू नको.” त्यांचा आवाज एकसारखा होता, पाठ केल्यासारखा. “म्हणजे आज कोरियाच निघालं. आणि तुम्ही दोघं दारात उभं राहून मला जपान सांगताय. कधीपासून माहितीये?”

शिवदासांनी शीतलकडे पाहिलं. शीतलने बॅग टेबलावर ठेवली आणि हात बाजूला केले.

“पहिल्या दिवसापासून,” ते म्हणाले.

शकुबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं. मग म्हणाल्या, “पार्टीवाले आले होते. जयंतीला गिटार नाही तर कसं, म्हणाले. कुंडलिक म्हणाला, मी सांभाळतो, मला थोडं येतं. मी दिली. त्याने स्टेजवर स्पीकरला टेकून ठेवली, कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून घेऊन आला. दारातच बसून रडला. मग गोरेगावला स्टुडिओत वाजवणारा कुणी होता, त्याच्याकडून ही आणली. काय कसं केलं, मला शेवटपर्यंत बोलला नाही.”

“कुंडलिकला दिलीस?”

“हो.”

“शकु, कुंडलिकला?” शिवदास पुढे आले. त्यांच्या कपाळावरची शीर शीतलला दिसली. “बेंजोवाल्याच्या हातात गिटार? त्याला स्वतःची छत्री सांभाळता येत नव्हती! मी तुला सांगून गेलो होतो, कुणाला हात लावू देऊ नकोस. सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मग काय? सात माणसं दारात. जयंती तोंडावर. तुम्ही तिकडे हळदीसारखे पिवळे पडलेले. मी काय म्हणायला हवं होतं?”

“नाही म्हणायचं होतं!”

“मग तेव्हा का नाही ओरडलात?” शकुबाईही उठल्या. “हेच, असंच, तेव्हा का नाही ओरडलात? मी वाट बघत होते. आज बोलतील, उद्या बोलतील. महिना झाला, वर्ष झालं. मला वाटलं यांना कळलंच नाही. मग वाटलं, उद्या कळेल. तुम्ही गिटार काढलीत की मी आत निघून जायचे. वाटायचं, आता थांबतील आणि म्हणतील, शकु, ही माझी नाही.”

“मी कशाला म्हणेन? तू घाबरली होतीस म्हणून तर मी...”

“घाबरले होते म्हणून एकदा ओरडून मोकळं करायचं! तुम्ही गप्प बसलात. मोठे चांगले झालात!”

“आई,” शीतल म्हणाली.

“तू थांब.”

शिवदास खाटेवर बसले. ते आपल्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिले. बोटांच्या टोकांना अजून घट्टे होते.

“म्हणून आत जायचीस?” त्यांनी विचारलं. “मी वाजवायला बसलो की?”

“मग काय समोर बसू?”

“मला वाटलं, तुला कंटाळा आला. आधी बसायचीस. कुर्ल्याला असताना मी रियाज करायचो तर तू तांदूळ घेऊन समोर बसायचीस निवडत. मग बसायची बंद झालीस. मी म्हटलं, रोज तेच तेच ऐकून कुणालाही येईल कंटाळा.” ते थांबले. “आणि कुंडलिक? त्या वर्षी पार्टी सोडून गेला तो...”

“तुमच्या शेजारी बसवेना त्याला. हातात ही बघवेना.”

“मी समजलो, कल्याणच्या पार्टीने जास्त दिले म्हणून गेला. मी त्याला काय काय बोललो, शकु. सगळ्यांसमोर. तेही त्याने ऐकून घेतलं.”

कुंडलिकला जाऊन सहा वर्षं झाली होती. शिवदास अंत्यविधीला गेले होते, पण मागच्या रांगेत उभे राहून, कुणाशी न बोलता परत आले होते. शीतलनेच त्यांना रिक्षा करून दिली होती. त्या दिवशी तिला ते फारच कोरडे वाटले होते.

“वेडा,” शिवदास म्हणाले. “एक शब्द बोलायचा होता.”

“तो वेडा, मी वेडी. आणि तुम्ही?”

पर्समध्ये फोन वाजायला लागला. प्रबुद्धच होता. शीतलने तो बंद केला आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, “मग मी त्याला कोरिया सांगू?”

“तू गप्प बस गं जरा,” दोघंही एकदम म्हणाले.

शिवदासांनी बॅगेची चेन उघडली आणि गिटार बाहेर काढून मांडीवर घेतली, सकाळी घेतली होती तशी नाही, उताणी. अंबादासने तारा पुन्हा नीट ताणल्या नव्हत्या, त्या सैलच होत्या. त्यांनी वाजवायचा प्रयत्न केला नाही. डाव्या हाताने नुसती नेक धरून ठेवली.

“कुठून तुटली होती?” त्यांनी विचारलं.

शकुबाईंच्या हातात मघापासून पदराचं टोक होतं, ते त्यांनी सोडलं. मग त्या खाटेवर, गिटारच्या पलीकडच्या बाजूला बसल्या, थोडं पुढे झुकल्या आणि डोक्याच्या जरा खाली, जिथे नेक बारीक होत जाते, तिथे एक बोट टेकवलं.

“इथून,” त्या म्हणाल्या.